मागे वाकण्याची आसनं: पाठीसाठी काय करावं, किती करावं आणि कुठे थांबावं

दिवसभरातली आपली बहुतेक कामं पुढे वाकून होतात. खानापूर तालुक्यात पावसात उभं राहून भाताची रोपं लावणाऱ्या बायका, निपाणीत मांडीवर सूप घेऊन विड्या वळणाऱ्या कामगार महिला, बेळगावच्या शहापूर-वडगाव भागातले विणकर, पणजीच्या किंवा इंदूरच्या कार्यालयात संगणकासमोर बसलेला कारकून, आणि काम संपल्यावर मोबाइलमध्ये मान घालून बसलेले आपण सगळेच. कामं वेगळी, भाषा-राज्यं वेगळी, पण पाठ एकाच दिशेला वाकते. उलट्या दिशेला ती दिवसातून किती वेळा जाते? सकाळी आळस देताना एकदा, बस्स.

भुजंगासन, शलभासन, उष्ट्रासन, सेतुबंधासन ही मागे वाकण्याची आसनं नेमकी ही उणीव भरून काढतात. पण चुकीच्या जागी वाकलं तर याच आसनांनी कंबर धरते. त्यामुळे किती मागे गेलो यापेक्षा पाठीचा कुठला भाग वाकला, हे आधी समजून घ्यायला हवं.

पाठ मागे वाकते म्हणजे काय होतं?

पाठीचा कणा ३३ मणक्यांचा असतो. मानेत ७, पाठीत १२, कंबरेत ५, त्याखाली एकमेकांना जुळलेले ५ आणि शेवटी माकडहाडाचे साधारण ४. यातले मानेचे आणि कंबरेचे मणके मागे सहज वाकतात. मधले १२ मात्र बरगड्यांना जोडलेले असतात, त्यामुळे तो भाग मुळातच ताठर.

शरीराचा स्वभाव असा, की जिथं सोपं जातं तिथंच ते वाकतं. 'मागे वाका' म्हटलं की बहुतेक जण मान मागे टाकतात आणि कंबरेत मोडतात. छातीचा भाग जागच्या जागी राहतो. सगळा भार कंबरेच्या दोन-तीन मणक्यांवर येतो, मणक्यांच्या मागचे छोटे सांधे एकमेकांवर दाबले जातात आणि दुसऱ्या दिवशी कंबर दुखते. मग 'योग आपल्याला मानवत नाही' असं म्हणून माणूस तो सोडून देतो.

दुसरी अडचण जांघेत असते. तासन् तास बसल्याने मांडीच्या वरच्या टोकाला, खुब्याच्या पुढे असलेले स्नायू आखडतात. हे स्नायू आत कंबरेच्या मणक्यांनाच जोडलेले असल्याने ते कंबरेला पुढे ओढतात. अशा माणसाने थेट मागे वाकायचा प्रयत्न केला तर खुबा मोकळा होत नाही आणि पुन्हा कंबरच मोडते.

म्हणून या सगळ्या आसनांना एकच क्रम लागू पडतो. आधी पाय घट्ट रोवायचे, मग कंबर वर ताणून लांब करायची, मग छाती उचलायची, आणि सगळ्यात शेवटी जमेल तेवढं मागे जायचं. मान ही कण्याची पुढची रेघ समजून सरळ ठेवायची, ती आधी मागे टाकायची नाही.

सीमाभागाशी जुनं नातं

'घेरंड संहिता' या जुन्या हठयोगाच्या ग्रंथात ३२ आसनं सांगितली आहेत. त्यात भुजंग, शलभ, उष्ट्र आणि धनुरासन आहेत. पण ही आसनं मठांतून आणि आखाड्यांतून निघून घराघरांत पोहोचली ती विसाव्या शतकात, आणि त्या प्रवासात मराठी माणसांचा व सीमेवरच्या गावांचा वाटा मोठा आहे.

कैवल्यधामचे संस्थापक स्वामी कुवलयानंद, मूळ नाव जगन्नाथ गणेश गुणे, यांचा जन्म १८८३ साली बडोदा संस्थानातल्या डभोईचा. बडोद्यात प्रा. माणिकराव यांच्याकडे त्यांनी शरीरशिक्षणाचे धडे घेतले. १९२४ साली त्यांनी लोणावळ्यात कैवल्यधाम सुरू केलं आणि त्याच वर्षी 'योग मीमांसा' हे नियतकालिक काढलं. योगक्रियांचा शरीरावर काय परिणाम होतो, हे क्ष-किरण आणि प्रयोगशाळेतल्या मोजमापांनी तपासण्याचं काम त्यांनी केलं. योग हा चमत्काराचा विषय न राहता अभ्यासाचा झाला, त्यात या कामाचा मोठा हात होता. बडोद्याहूनच दहा खंडांचा मराठी 'व्यायाम ज्ञानकोश' निघाला. त्याचे संपादक द. चिं. मुजुमदार.

औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कार आपल्या संस्थानातल्या शाळांत सक्तीचे केले आणि पुस्तकांतून त्यांचा प्रसार केला. आज सगळीकडे घातल्या जाणाऱ्या बारा स्थितींच्या सूर्यनमस्कारात मागे वाकणं दोन प्रकारे येतं: उभं राहून हात वर नेताना आणि पोटावर येऊन भुजंगासनात.

बेळगावचा संबंध तर थेट आहे. १९३६ साली म्हैसूरचे योगगुरू टी. कृष्णम्माचार्य आपल्या शिष्यांना घेऊन धारवाड, हुबळी, बेळगावच्या दौऱ्यावर आले होते. त्या शिष्यांत जेमतेम सतरा-अठरा वर्षांचे बी. के. एस. अय्यंगार होते. मलेरिया, क्षय अशा आजारांनी लहानपणी खंगलेला हा मुलगा. धारवाडच्या महिलांना योग शिकायचा होता, तेव्हा सगळ्यांत लहान म्हणून त्यांना शिकवण्याचं काम त्याच्याकडे आलं. बेळगावात त्यांचं प्रात्यक्षिक शल्यचिकित्सक डॉ. व्ही. बी. गोखले यांनी पाहिलं. पुढे गोखले पुण्यात आले आणि त्यांच्या पुढाकाराने १९३७ साली अय्यंगार सहा महिन्यांसाठी डेक्कन जिमखान्यावर शिकवायला पुण्यात दाखल झाले. तेव्हा त्यांना मराठी येत नव्हती. सहा महिन्यांसाठी आलेला हा माणूस २०१४ साली निधन होईपर्यंत पुणेकरच राहिला.

खुर्ची, दोर, लोड, लाकडी ठोकळे, पट्टा अशा साधनांचा आधार घेऊन आसन करण्याची अय्यंगारांची पद्धत आज जगभर चालते. साठीतल्या किंवा ताठर पाठीच्या माणसालाही मागे वाकता येतं, ते या आधारामुळेच.

आपल्या तालमींनाही ही हालचाल नवी नाही. पैलवान जोर मारतो तेव्हा शेवटी छाती वर काढतो. ती स्थिती भुजंगासनाच्या जवळचीच. फरक इतकाच, की जोरात वेग असतो आणि आसनात थांबणं.

घरी करता येतील अशी सहा आसनं

जेवणानंतर तीन-चार तासांनी, शक्यतो सकाळी, सतरंजीवर करावीत. आधी पाच मिनिटं जागच्या जागी चालावं, खांदे फिरवावेत, हात वर करून दोन्ही बाजूंना झुकावं. थंड शरीराने थेट मागे वाकू नये. वर येताना किंवा मागे जाताना श्वास घ्यावा, परत येताना सोडावा. आसनात थांबल्यावर श्वास रोखायचा नाही. तोंड आवळलं गेलं किंवा श्वास अडकला तर आपण जास्त ताणलं, असं समजावं.

१. टॉवेलचा आधार. जाड टॉवेलची गुंडाळी करून ती बरगड्यांच्या मागे, खांद्यांच्या पात्यांच्या जरा खाली आडवी ठेवावी आणि तीवर उताणं झोपावं. गुडघे वाकलेले, डोक्याखाली छोटी उशी, हात बाजूला मोकळे. दोन-तीन मिनिटं फक्त श्वास घ्यायचा. ताठर असलेला मधला भाग यात वाकतो आणि कंबरेला काही करावं लागत नाही. नव्या माणसाने आठवडाभर एवढंच केलं तरी चालेल.

२. भुजंगासन. पोटावर झोपावं. तळवे छातीच्या दोन्ही बाजूंना, कोपरं अंगालगत. पायांचे पंजे जमिनीत दाबून छाती पुढे आणि वर काढावी. बेंबी जमिनीवरून उचलू नये. हातांवर फार जोर द्यायचा नाही, पाठीच्या स्नायूंनी उचलायचं. दहा ते पंधरा सेकंद थांबून खाली यावं. असं तीन वेळा.

३. अर्धशलभासन, मग शलभासन. पोटावर झोपून हात मांड्यांच्या बाजूला. आधी एक पाय गुडघ्यात न वाकवता वीतभर उचलावा, मग दुसरा. आठवडा-दोन आठवड्यांनी दोन्ही पाय आणि छाती एकत्र. पाठ बळकट करण्यासाठी हे आसन फार उपयोगी. पाय किती उंच गेला याला महत्त्व नाही.

४. सेतुबंधासन. उताणं झोपून गुडघे वाकवावेत, पाऊलं कमरेइतक्या अंतरावर, टाचा गुडघ्यांच्या खाली. पाय दाबून नितंब उचलावेत. गुडघे बाहेर फाकू द्यायचे नाहीत. जांघेचा पुढचा भाग इथे मोकळा होतो, म्हणून बैठं काम करणाऱ्यांनी हे रोज करावं. पंधरा-वीस सेकंद, तीन वेळा. मान वळवून इकडेतिकडे बघू नये.

५. अर्धचक्रासन. उभं राहून तळवे कंबरेमागे, बोटं खाली. पाय रोवून कंबर वर ताणावी, छाती छताकडे उचलावी, मग थोडं मागे जावं. चक्कर येणाऱ्यांनी भिंतीजवळ उभं राहून करावं. कामाच्या मध्ये, शेताच्या बांधावर किंवा ऑफिसच्या जिन्यातही हे करता येतं.

६. उष्ट्रासन, अर्ध्या टप्प्यापर्यंत. गुडघ्यांवर उभं राहावं, गुडघ्यांखाली घडी घातलेली चादर. हात कंबरेवर. मांड्या सरळ उभ्या ठेवून छाती वर काढावी. टाचांना हात पोहोचवण्याची घाई करू नये. ते महिन्यांनंतर जमलं तरी चालतं, नाही जमलं तरी आसन वाया जात नाही.

धनुरासन आणि चक्रासन ही पुढची आसनं. वरची सहा दोन-तीन महिने न दुखता जमू लागली की जाणकार शिक्षकाच्या देखरेखीखाली ती शिकावीत. मोबाइलवरची चित्रफीत बघून एकट्याने चक्रासन करायला जाऊ नये. हात घसरला तर भार थेट मानेवर येतो.

शेवटी उताणं पडून गुडघे छातीशी घ्यावेत, हळूच डावी-उजवीकडे डुलावं, आणि तीन-चार मिनिटं शवासन. मागे वाकून झाल्यावर झटकन उठून पुढे वाकणं टाळावं. आधी पाठीला सरळ होऊ द्यावं.

सगळं मिळून पंधरा-वीस मिनिटं लागतात. आठवड्यातून एकदा तासभर करण्यापेक्षा पाच दिवस पंधरा मिनिटं केलेलं अंगी लागतं.

कुणी थांबावं, कुणी विचारून करावं

गरोदर महिलांनी पोटावर झोपून होणारी आसनं करू नयेत. सिझेरियन किंवा पोटाचं दुसरं ऑपरेशन झालेल्यांनी डॉक्टरांनी परवानगी दिल्याशिवाय सुरुवात करू नये. हर्निया, आटोक्यात नसलेला रक्तदाब, नुकताच झालेला हृदयविकाराचा झटका, वरचेवर येणारी चक्कर, मणका सरकलेला असणं, यात आधी डॉक्टरांना विचारावं. काचबिंदू असेल तर डोकं खाली जाणारी आसनं टाळावीत.

कंबरदुखी ही एकच गोष्ट नसते, हेही लक्षात ठेवायला हवं. चकती सरकल्यामुळे पुढे वाकताना दुखत असेल, तर काहींना हलक्या भुजंगासनासारख्या हालचालीने आराम पडतो. न्यूझीलंडचे फिजिओथेरपिस्ट रॉबिन मॅकेन्झी यांनी पोटावर झोपून हातांच्या आधाराने छाती उचलण्याचा व्यायाम याच कारणासाठी रुग्णांना शिकवला आणि तो जगभर पसरला. पण मणक्यातली नस जायची जागा अरुंद झाली असेल, तर मागे वाकल्यावर दुखणं वाढतं. उतारवयात चालताना पाय भरून येतात आणि पुढे वाकून बसल्यावर बरं वाटतं, अशी तक्रार असेल तर मागे वाकू नये. शेजाऱ्याला ज्या आसनाने बरं वाटलं, तेच आपल्यालाही लागू पडेल असं नाही.

यासाठी सोपी खूण अशी: आसन करताना पायाकडे गेलेली कळ वर सरकून कंबरेपाशी आली तर ते बहुधा चांगलं लक्षण. कळ कंबरेतून खाली पोटरीकडे, पावलाकडे जाऊ लागली तर तिथेच थांबावं.

पायात अचानक अशक्तपणा, दोन्ही मांड्यांच्या मधल्या भागात बधिरपणा, लघवी-शौचावरचा ताबा जाणं, पाठदुखीसोबत ताप किंवा विनाकारण घटणारं वजन, यांपैकी काही दिसलं तर आसन, मालिश, शेक यांत वेळ न घालवता लगेच दवाखाना गाठावा.

हाडं ठिसूळ झालेल्यांनी काय करावं?

पाळी गेल्यानंतर अनेक स्त्रियांची हाडं ठिसूळ होतात आणि पाठीला पोक येतं. अशा वेळी 'आता व्यायाम नको' असा सल्ला घरातून हमखास मिळतो. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या १९८४ सालच्या एका अभ्यासात अशा ५९ स्त्रियांची पाहणी झाली. पुढे वाकण्याचे व्यायाम करणाऱ्यांपैकी ८९ टक्के स्त्रियांच्या मणक्यांत नव्याने मोड झाली. पाठ मागे उचलण्याचे व्यायाम करणाऱ्यांत हे प्रमाण १६ टक्के होतं, आणि काहीच न करणाऱ्यांत ६७ टक्के. गट लहान होते, त्यामुळे हे आकडे जपून वाचायचे. पण त्यावरून निघणारी दिशा आजही मानली जाते: ठिसूळ हाडांसाठी जोरात पुढे वाकणं धोक्याचं, आणि पोटावर झोपून पाठ हलकेच उचलणं फायद्याचं. अर्थात इथे खोल उष्ट्रासन किंवा चक्रासन अपेक्षित नाही. टॉवेलचा आधार आणि बोटभर उचललेलं शलभासन पुरेसं आहे.

फक्त आसनं पुरत नाहीत

आसनांनी पाठ मोकळी आणि बळकट होते, पण हृदय आणि फुप्फुसांना लागणारी मेहनत त्यातून पूर्ण मिळत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० सालच्या मार्गदर्शनानुसार मोठ्या माणसांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल करावी, आणि किमान दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम करावा. ६५ वर्षांवरच्यांनी आठवड्यातून तीन दिवस तोल सांभाळण्याचे व्यायामही करावेत. मुलांना रोज सरासरी तासभर हालचाल हवी.

मध्यम श्रम म्हणजे किती? चालताना बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही, एवढा वेग. रोज अर्धा तास असं पाच दिवस चाललं की १५० मिनिटं भरतात. ते एका दमात करायलाच हवं असंही नाही. सकाळी दहा, दुपारी दहा, रात्री जेवणाआधी दहा मिनिटं चाललं तरी हिशेब तोच.

पण हा सल्ला सगळ्यांना सारखा देता येत नाही. दिवसभर चिखलात उभं राहून रोपं लावणाऱ्या बाईला 'रोज फिरायला जा' सांगणं म्हणजे थट्टाच. तिची हालचाल भरपूर होते, पण ती एकाच दिशेची असते. तिला हवं आहे ते तासातून एकदा दोन मिनिटं उभं राहून केलेलं अर्धचक्रासन आणि रात्री झोपण्याआधी टॉवेलवर पडणं. विड्या वळणाऱ्या कामगार महिलेची अडचण दुहेरी आहे: ती वाकलेलीही असते आणि बसलेलीही. मजुरी नगावर असल्याने उठलं की पैसे बुडतात, म्हणून ती उठत नाही. तिच्यासाठी बसल्या जागी हात मागे टेकवून छाती वर काढणं आणि पाणी प्यायला उठताना दहा पावलं जास्त चालणं, एवढं तरी जमण्यासारखं आहे. कार्यालयात बसणाऱ्याला मात्र दोन्ही हवं, चालणंही आणि मागे वाकणंही. फोन आला की खुर्चीतून उठून बोलायचं, एवढी सवय लावली तरी दिवसभरात बराच फरक पडतो. दुचाकीवरून रोज लांब जाणाऱ्याने उतरल्यावर लगेच वजन उचलू नये. आधी कंबरेवर हात ठेवून दोन-तीन वेळा मागे झुकावं.

शिक्षक कसा ओळखावा

२०१५ पासून २१ जून हा आंतरराष्ट्रीय योग दिवस साजरा होतो आणि त्या सुमारास गावोगावी वर्ग सुरू होतात. वर्ग निवडताना तीन गोष्टी बघाव्यात. पहिल्या दिवशी शिक्षक आजार, ऑपरेशन, औषधं यांची चौकशी करतो का? ज्याला आसन जमत नाही त्याला आधाराची सोय किंवा सोपा पर्याय देतो का? आणि विद्यार्थ्याची पाठ हाताने दाबून, ओढून किंवा तिच्यावर पाय देऊन वाकवण्याचा प्रयत्न करतो का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर 'हो' असेल तर तो वर्ग सोडावा, मग फी भरलेली का असेना.

सुरुवात करणाऱ्याने पहिला महिना एवढंच धरावं: रोज टॉवेलचा आधार, भुजंगासन, सेतुबंधासन आणि शवासन, आणि सोबत आठवड्यातून पाच दिवस अर्धा तास चालणं. दुसऱ्या महिन्यात शलभासन आणि अर्धचक्रासन वाढवावं, तिसऱ्यात अर्धं उष्ट्रासन. मध्ये चार दिवस खंड पडला तर जिथे सोडलं तिथून न करता एक पायरी खालून पुन्हा सुरू करावं.